दोन हजार तीनशे बारा पिसं

सन १९२६ च्या थंडीत सोलापूरच्या उत्तरेला पाच कोसांवर असलेल्या हरणमाळावर गवत वाढलेलं आहे, असं सरकारच्या लक्षात आलं.

बाब गंभीर होती. जिल्ह्यात सरकारी कुरणं होती. त्यांना राखणदार होते, राखणदारांवर नाईक होते, नाइकांवर अंमलदार होते, आणि त्या कुरणांत दात कोरायला काडी मिळत नव्हती. हरणमाळावर राखणदार नाही, पाटी नाही, कुंपण नाही, आणि गवत मात्र माणसाच्या कमरेला लागत होतं. त्यात तितर होते, लावे होते, माळढोक होते, काळविटांचे कळप होते. हे सगळं कोणाच्या हुकमानं चाललं आहे याचा कागद आठ दिवस शोधला तरी कचेरीत सापडला नाही. शेवटी प्रकरणावर 'विनापरवाना गवत' असा शेरा पडला आणि चौकशी नेमली गेली.

चौकशीला दोघे जण नेमले होते. एक कुरण-चौकशी अंमलदार दाभाडकर. माणूस सज्जन. नियमाबाहेर त्यांनी आयुष्यात कुणाचं वाईट केलं नव्हतं. दुसरे रावसाहेब वीरभद्रप्पा. शुक्रवार पेठेतले कापडाचे मोठे व्यापारी आणि 'गवत व वन्यपक्षी संरक्षक मंडळा'चे संस्थापक अध्यक्ष. रावसाहेबांची भूतदया सगळ्या पेठेला ठाऊक होती. ते मुंग्यांना साखर घालत. सोमवारी त्यांच्या घरात कांदासुद्धा कापला जात नसे, त्याला वेदना होतात म्हणून. हरणमाळ त्यांनी एकदाच पाहिला होता, चालत्या मोटारीतून, आणि तेवढ्यात त्यांना तो वाचवावासा वाटला होता.

दोघे एका कारकुनाला घेऊन माळावर पोचले तेव्हा हिवराच्या झाडाखाली पाच-सात पालं दिसली. फासेपारध्यांची. सरकारच्या कायद्यानं ही जात जन्मानंच गुन्हेगार ठरवलेली होती. पाळण्यात गुन्हेगार, तिरडीवर गुन्हेगार. मधल्या काळात गुन्हा करायची गरज राहत नसे.

पालातून झिंगऱ्या पवार बाहेर आला. साठीकडे झुकलेला, काटक माणूस. मागोमाग त्याची बायको गोजरबाई.

"इथं किती वर्षं आहेस?" दाभाडकरांनी विचारलं.

"म्या हितंच जलमलो, साहेब. बा हितंच. आज्जा तर हितनं हाललाच न्हाय, ह्या हिवराखालीच पुरलाय त्येला."

"इथं काय करतोस?"

"फास लावतो. पोटापुरतं धरतो. बाकी काय करत न्हाय."

"लिहा," दाभाडकर कारकुनाला म्हणाले, "काही करत नाही."

"थांब की रं बाबा, लगी लिवू नगंस," गोजरबाई पुढं आली. "काय करत न्हाय म्हंजे कसं? अंडी हायती तवा चार म्हयने गवतात पाय घालत न्हाय. गाभण हरणी फासात आली तर सोडून देतो. वणवा आला की भिजली पोती घिऊन रातध्याड झोडपतो. काय न करायला बी लई राबावं लागतंया."

दाभाडकरांनी हातातला छापील तक्ता पाहिला. जमिनीवरची वहिवाट सिद्ध करण्यासाठी त्यात चार रकाने होते: नांगरट, बांध, विहीर, तोडलेली झाडं. न करण्याला रकाना नव्हता.

"नांगरट?"

"न्हाय."

"बांध? विहीर?"

"ओढ्यात झिरा हाय. हरणं पितात तितंच आमी पितो."

"तोडलेली झाडं?"

"तोडली न्हाईत म्हनून तर तुमी सावलीत हुबं हायसा," गोजरबाई म्हणाली.

चारही रकान्यांत 'निरंक' लिहिलं गेलं. दाभाडकरांना मनापासून वाईट वाटलं. ते म्हणाले, "हे बघ झिंगऱ्या, तुझी अडचण मला कळते. पण तू जमिनीला कसलीच इजा केलेली नाहीस. मग तू इथं होतास हे सरकारनं ओळखायचं कशावरून? तो दक्षिणेचा कोपरा बघ."

दक्षिणेच्या कोपऱ्यात शेजारच्या गावचा पाटील बसप्पा यानं तीन वर्षांपूर्वी तीस एकर माळ नांगरला होता. पहिल्या वर्षी चार पोती बाजरी झाली. दुसऱ्या वर्षी माती वाऱ्यानं उडून गेली. तिसऱ्या वर्षी खालचा खडक वर आला. आता तिथं सरडाही थांबत नव्हता. पण तक्त्यात बसप्पाचे चारही रकाने भरलेले होते आणि त्याची वहिवाट इतकी पक्की ठरली होती की ती जमीन पुन्हा कुणाच्या उपयोगाला येण्याची भीतीच उरली नव्हती.

"तूही थोडं नांगरून घे," दाभाडकर म्हणाले. "पंधरा दिवसांची मुदत देतो. गवत पेटवून दे, हा हिवर तोड."

"साहेब, हिवराखाली आज्जा हाय की."

"मग तर उत्तमच. खोदताना हाडं निघाली की पंचनामा करून पुराव्यात घेऊ."

गोजरबाईनं कपाळावर हात मारला. "म्हंजे घर आपलं हाय ह्ये दावायला घर जाळायचं व्हय?"

"सगळं नाही, बाई. नियमापुरतं."

झिंगऱ्या मग म्हणाला, "आत्ता जाळता येत न्हाय. अंडी हायती. पर दावायला येक गोष्ट हाय आमच्याकडं. पिसं हायती."

ही पिसांची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढं सगळं तिच्यावरच गेलं. फासात पाखरांचा थवा अडकला की झिंगऱ्याच्या घराण्यात सगळी पाखरं कधी मारत नसत. एक नर आणि एक मादी सोडायची, हा त्यांच्यातला रिवाज. सोडण्याआधी प्रत्येकाच्या शेपटीचं एक पीस काढून घ्यायचं आणि देवीच्या गाठोड्यापाशी ठेवायचं. पाखराला त्याचं दुःख नाही, महिन्याभरात पीस पुन्हा उगवतं. पण देवीला हिशेब समजला पाहिजे की आम्ही नुसतं खाल्लं नाही, मागं ठेवलंसुद्धा. आज्ज्यानं ठेवलेली पिसं होती, बापानं ठेवलेली होती, झिंगऱ्यानं ठेवलेली होती. तीन पोती भरली होती.

"तुझा अर्ज लिहून घेतो. पिसं आणा कचेरीत," दाभाडकर म्हणाले. "पुराव्याला सरकार कधी नाही म्हणत नाही."

कचेरीत आणायची म्हणजे माळ सोडून शहरात जायचं. पारध्यांना घरदार नसतं, ते भटके असतात, असं कायदा म्हणत होता. आणि म्हणून त्यांनी घर सोडून कुठं जायचं झाल्यास पाटलाची चिठ्ठी घेतली पाहिजे, असंही तोच कायदा म्हणत होता. पाटील म्हणजे बसप्पा. झिंगऱ्या त्याच्या दारात जाऊन बसला.

"कशाला जातोस रे?" बसप्पानं विचारलं.

"माळ आमचा हाय म्हनून सांगाया."

"अय्यो, मग जा की! मी नको म्हणालो व्हय?" बसप्पानं तत्परतेनं चिठ्ठी लिहिली. पाटील लोकांच्या अडीअडचणीला असाच धावून येतो. चिठ्ठीत लिहिलं होतं: 'सदर इसम मारलेल्या पक्ष्यांच्या पिसांची तीन पोती घेऊन शहरात येत आहे. लक्ष असावे.'

झिंगऱ्याला वाचता येत नव्हतं. त्यानं ती चिठ्ठी डोक्याला लावली आणि मुंडाशात खोचली.

सुनावणीच्या दिवशी झिंगऱ्या आणि गोजरबाई पाठीवर पोती घेऊन पाच कोस चालत आली. अव्वल कारकून भास्करपंतांनी चिठ्ठी वाचली, पोत्यांकडं पाहिलं आणि खिडक्या बंद करण्याचा हुकूम दिला. पुरावा उडून जाण्याचा संभव होता. मग तीन कारकून सतरंजीवर बसून दोन दिवस पिसं मोजत होते. पिसं दोन हजार तीनशे बारा भरली.

मोजताना भास्करपंतांच्या उजव्या कानाला खाज सुटली. त्यांनी ढिगातलं एक पीस उचललं, त्याचं टोक कानात घातलं आणि डोळे मिटून हलकेच फिरवलं. बाकीच्या दोन कारकुनांनी दाभाडकरसाहेबांच्या खुर्चीकडं पाहिलं. साहेबांच्याही कानात पीस होतं. मग त्यांनीही एकेक उचललं. तितराच्या शेपटीचं पीस या कामाला फार चांगलं, फार कडक नाही, फार मऊ नाही. नोंदवहीत लिहिलं गेलं: 'पिसे २३१२. पैकी कचेरीच्या कामी खर्च ४.'

सुनावणी सुरू झाली. रावसाहेब वीरभद्रप्पा ढिगासमोर उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"शिव शिव शिव! दोन हजार तीनशे बारा जीव! अरे पाप्या, कुठं फेडशील हे?"

"मारल्याली न्हाईत, रावसाब," झिंगऱ्या म्हणाला. "सोडल्याली हायती. मारल्याल्याचं पीस आमी ठेवत न्हाय. ज्याचं पीस हितं हाय, ते पाखरू तितं हाय."

"म्हणजे हे पक्षी जिवंत आहेत?" दाभाडकरांनी विचारलं.

"काय जित्ती असत्याल, काय म्हातारी हून मेली असत्याल. त्येंची लेकरं हायती, नातवंडं हायती. माळ भरलाय तो कशानं?"

"मग पक्षी हजर कर."

"हितं?"

"पुरावा कचेरीत हजर करावा लागतो."

"साहेब, सोडल्यालं पाखरू धरून आणलं, तर ते सोडल्यालं कसं ऱ्हाईल?"

"तो तुझा प्रश्न आहे," दाभाडकर म्हणाले. "कचेरीपुढं पीस आहे, पक्षी नाही. पीस आहे आणि पक्षी नाही, याचा अर्थ कुणाही शहाण्या माणसाला विचार."

भास्करपंतांना विचारण्यात आलं. ते शहाणे होते. "मेला," ते म्हणाले.

"आरं देवा," गोजरबाई म्हणाली, "आमी समदी खाल्ली असती तर येक बी पीस न्हवतं तुमच्यापुढं. मग आमी निर्दोष की वो?"

"तसं झालं असतं तर पुराव्याअभावी सोडून द्यावं लागलं असतं," दाभाडकरांनी प्रामाणिकपणे कबूल केलं.

निकाल आठ दिवसांनी लागला. निकालाची भाषा स्वच्छ होती. 'अर्जदाराने हरणमाळावर कोणतीही वहिवाट केल्याचे दिसून येत नाही. तथापि तेथे राहून त्याने २३१२ पक्ष्यांची हत्या केल्याचे त्याच्याच पुराव्यावरून सिद्ध होते. जमिनीच्या दाव्यापुरता अर्जदार तेथे कधीही नव्हता. हत्येपुरता तो तेथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. सबब पक्ष्यांच्या संरक्षणार्थ अर्जदार व त्याची जमात यांस तारेच्या कुंपणातील वसाहतीत हलविण्यात यावे व माळ संरक्षक मंडळाच्या ताब्यात द्यावा. पुरावा सरकारजमा.'

शिपाई पालं उपटायला आले तेव्हा गोजरबाईनं त्यांच्या जमादाराला विचारलं, "दादा, परवा म्हनला आमाला घर न्हाय. आन आज घराला तार लावून देतायसा. कुनाची किरपा म्हनायची ही?"

जमादार बिचारा हुकमाचा ताबेदार. त्यानं तिची चूल पायानं विझवली.

वसाहतीत पुरुषांची दिवसातून तीनदा हजेरी. मधल्या वेळात गिरणी. ज्या माणसाला अर्ध्या कोसावरचा लाव्याचा आवाज कळत होता, तो आता साच्यांच्या खडखडाटात बारा तास उभा राहू लागला. त्याला सुधारणा असं नाव होतं.

इकडं मंडळानं संरक्षणाला हात घातला.

पहिल्यांदा पाटी लागली. 'संरक्षित माळ. आत येऊ नये.' पाटीला दोन भक्कम खांब हवे होते, म्हणून हिवर तोडला. बुंधा उपटताना हाडं निघाली. रीतसर पंचनामा झाला. या माळावर फार जुनी वहिवाट असल्याचा तो बिनतोड पुरावा होता. मंडळानं तो स्वतःच्या दप्तरी लावला आणि वहिवाट मंडळाच्या नावे धरली गेली.

मग असं आढळलं की गवतामुळं पक्षी दिसत नाहीत. जे दिसत नाही त्याचं संरक्षण करायचं कसं? गवत कापलं. पक्षी दिसू लागले. ते पाहायला थोर लोक येणार म्हणून मोटारीचा रस्ता झाला. थोर लोकांना बसायला बंगली झाली. बंगलीला पाणी हवं म्हणून ओढ्यातला झिरा बांधून घेतला आणि हरणांनी तिथं घाण करू नये म्हणून त्यावर झाकण बसवलं.

एवढी तयारी झाल्यावर संरक्षणाचं उद्घाटन ठेवलं. उद्घाटनाला मोठे साहेब आले. साहेब पक्ष्यांचे मोठे प्रेमी, प्रेमासाठी त्यांनी तीन बंदुका आणल्या होत्या. त्या दिवशी दुपारपर्यंत एकशे साठ तितर, चाळीस लावे, अकरा काळवीट आणि चार माळढोक एवढ्यांवर उद्घाटन झालं. रावसाहेब शाकाहारी. त्यांनी प्रत्येक बाराला डोळे मिटून घेतले आणि कानांवर हात ठेवले. फराळाच्या वेळी त्यांनी एक वेगळी चूल मांडून घेतली आणि भाषणात सांगितलं, "पारध्याच्या हातून मेलेला पक्षी पोटासाठी मरतो. तो वाया गेला. इथं मरणारा पक्षी माळाच्या कीर्तीसाठी मरतो."

टाळ्या पडल्या. सोलापुरात टाळ्यांना कधी तोटा नव्हता.

उद्घाटन इतकं आवडलं की पहिल्या वर्षी ते सात वेळा झालं. दुसऱ्या वर्षी अंडी घालायच्या दिवसांतही झालं, कारण साहेबांची रजा त्याच महिन्यात होती. तिसऱ्या वर्षी, सन १९२९ च्या थंडीत, मंडळाच्या पहारेकऱ्यानं कळवलं की संरक्षण जागच्या जागी आहे, पक्षी नाहीत.

पुन्हा चौकशी. पुन्हा दाभाडकर.

"पारध्यांचंच काम," रावसाहेब म्हणाले.

"पारधी तीन वर्षं तारेच्या आत आहेत, रावसाहेब. दिवसातून तीनदा मोजतो आपण."

"हेच म्हणतो मी. पारधी होते तोवर पक्षी होते. पारधी गेले, पक्षी गेले. याचा अर्थ काय?"

दाभाडकर विचारात पडले. अर्थ उघड होता, पण तो कोणत्याच रकान्यात बसत नव्हता. तेवढ्यात भास्करपंतांनी कानातलं पीस काढलं आणि म्हणाले, "संगनमत."

खरंच की! पक्षी आणि पारधी यांचं पहिल्यापासून संगनमत होतं. दोघंही त्याच माळावर राहणार, दोघांचा रंग मातीचा, दोघंही पहाटे बाहेर पडणार, दोघांचीही बोली कुणाला कळत नाही. भास्करपंतांनी गुन्हेगार जातींचा कायदा उघडला आणि कलमांमागून कलमं वाचली. ठरावीक निवासस्थान नसणे: तितराला लागू. उपजीविकेचे उघड साधन नसणे: लागू. दुसऱ्याच्या शेतात सूर्योदयापूर्वी आढळणे: पुरेपूर लागू. सरकारी अधिकारी दिसताच पळून जाणे: याबद्दल तर मोठ्या साहेबांची स्वतःची साक्ष होती.

त्याच आठवड्यात तितर ही जात गुन्हेगार म्हणून नोंदवण्यात आली. गावोगाव हलगी वाजवून दवंडी दिली गेली: हरणमाळावरच्या तमाम तितरांनी, नरमाद्या आणि पिलांसह, येत्या बुधवारी सकाळी आठ वाजता बंगलीसमोर हजेरीला यावं. जे येणार नाहीत ते फरारी समजले जातील.

बुधवारी मंडळ हजर होतं. तितर फरारी झाले.

दाभाडकर मात्र खचले नाहीत. त्यांना आठवलं की तो झिंगऱ्या पाखरांना हाका मारतो आणि पाखरं उत्तर देतात. त्यांनी त्याला तारेआडून बोलावून घेतलं. सोबत गोजरबाई आली. नवरा पाच कोसांवर एकटा कसा जाईल, एवढंच ती म्हणाली. तीन वर्षांत झिंगऱ्याचे केस पांढरे झाले होते, गिरणीच्या कापसानं किती आणि वयानं किती हे सांगता येत नव्हतं.

"शनिवारी मोठे साहेब माळावर येणार आहेत," दाभाडकर म्हणाले. "त्यांच्यासमोर पक्षी बोलावून दाखव. आले, तर तुझा पूर्वीचा अर्ज मी पुन्हा उघडतो. माझा शब्द."

"माळ परत मिळंल?"

"अर्ज उघडल्यावर मिळूही शकेल. पक्षी आले तर तू तिथला, हे सिद्ध होतं. नाही आले, तर तुझा तिथं काही संबंध नाही, हेही सिद्ध होतं."

शनिवारी सकाळी झिंगऱ्या माळावर उभा राहिला. मागं साहेब, बंदूक, रावसाहेब, दाभाडकर, भास्करपंत. समोर रस्ता, पाटी, बंगली. हिवर नव्हता. त्यानं एकदा त्या जागेकडं पाहिलं आणि नजर वळवली.

"बोलाव," दाभाडकर हळूच म्हणाले.

झिंगऱ्यानं ओठांवर बोटं ठेवून साद घातली. खणखणीत, तिहेरी सुरातली, माळभर फिरणारी. काही नाही. पुन्हा घातली. साहेबांनी जांभई दिली. तिसऱ्या सादेला फार लांबून, बसप्पाच्या त्या नांगरून खडक केलेल्या कोपऱ्याकडून, बारीक उत्तर आलं.

"आला!" रावसाहेब ओरडले, आणि चटकन तोंडावर हात ठेवला.

झिंगऱ्या बोलावत राहिला. उत्तर जवळ येत गेलं. दगडांमधून आधी एक मुंडी वर आली, मग तिच्यामागं दुसरी. दोघं पळत पळत मोकळ्यावर आली आणि थांबली. चाळीस पावलांवर. लपायला गवताची काडी नव्हती. साहेबांनी बंदूक खांद्याला लावली.

"अजून बोलाव," दाभाडकर कुजबुजले. "बाकीचेही येऊ देत."

"बाकी न्हाईत," झिंगऱ्या म्हणाला.

गोजरबाईनं त्याच्याकडं पाहिलं. "किती ऱ्हायली म्हनं?"

"येक जोडी."

"मग?"

"मग काय, गोजर. जोडी सोडायची."

"आन माळ?"

झिंगऱ्यानं तिच्याकडं पाहिलं. गोजरबाई मग पदर खोचत म्हणाली, "सोड. माझ्याकडं काय बघतुयास?"

झिंगऱ्यानं पुन्हा ओठांवर बोटं ठेवली. या वेळी सूर वेगळा निघाला, चिरका, तुटक. ससाणा वर आला की तितर एकमेकांना जो देतात तो. जोडी भर्रकन उठली. बार उशिरा झाला आणि छर्रे पाटीला लागले. 'संरक्षित' या शब्दाची चाळण झाली. पाखरं बसप्पाच्या खडकावरून, मंडळाच्या हद्दीवरून, तालुक्याच्या नकाशावरून पलीकडं गेली.

साहेब मोटारीत जाऊन बसले.

दाभाडकरांनी त्याच जागी अहवाल लिहिला. 'अर्जदारास पक्ष्यांचे ज्ञान नाही. त्याच्या आवाजाने उरलेले पक्षीही उडून गेले. त्याचा हरणमाळाशी कोणताही संबंध सिद्ध होत नाही. अर्ज कायमचा निकाली.' पक्षी नसल्यामुळं माळाला संरक्षणाची गरज उरली नव्हती. तो दगडाच्या खाणीला देण्यात आला. त्या दगडांनी शहरात चांगले पक्के रस्ते झाले. झिंगऱ्याला संध्याकाळच्या हजेरीला उशीर झाला म्हणून दहा दिवसांची कैद झाली. दहा दिवस गोजरबाई तुरुंगाच्या भिंतीबाहेर बसून होती. भिंतीच्या आतून रोज एकदा साद यायची आणि ती बाहेरून उत्तर द्यायची. पहारेकऱ्यांना वाटलं, तुरुंगात तितर शिरलाय. त्यांनी दोन दिवस शोधला.

राहता राहिली पिसं. कचेरीच्या कामी खर्च होत होत ती दोन हजार दोनशे सत्तावन्न उरली होती. एवढा इतिहास सडू देणं रावसाहेबांच्या भूतदयेला पटेना. मंडळाच्या वार्षिक समारंभात त्यांनी पारध्यांच्या क्रौर्यावर तासभर हेलावून टाकणारं व्याख्यान दिलं, आणि शेवटी आलेल्या प्रत्येक सद्गृहस्थाला हरणमाळाची आठवण म्हणून एकेक पीस, एका सुबक डबीत घालून, भेट दिलं. लोक गहिवरले. घरी जाता जाता काहींनी डबी उघडली, पीस बाहेर काढलं आणि त्याचं टोक कुठं नेमकं बसतं ते त्यांना आपोआप कळलं.

समारंभाला मोठी गर्दी होती. वाचकहो, तुम्हीही होतात. नाही म्हणू नका. त्या पक्क्या रस्त्यावरूनच घरी गेलात. आणि आता हे वाचून तुम्ही चुकचुकताय, त्या बिचाऱ्यावर फार अन्याय झाला म्हणताय. उद्या तुमच्या आळीच्या तोंडाशी पारध्यांची दोन पालं पडली, तर सगळ्यात आधी पोलिसांत कोण जाणार आहे, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

झिंगऱ्या अजून तारेच्या आत आहे. हजेरीला नाव पुकारलं की तो 'हजर' म्हणतो आणि त्याला जोडून रोज तेच एक वाक्य बोलतो, ज्याचं पीस हितं हाय, ते पाखरू तितं हाय. तुमच्या घरापासून ती तार फार लांब नाही. ऐकू यायला हवं.

येत नाही?

कसं येईल! आधी ते कानातलं पीस काढा.